ज्याची खुंटी त्याची करवत

म्हाताऱ्यानं दगडानं खुंटी ठोकली आणि हात झटकले. "शेंडा इथं टेकणार. लिहून घे, पोरी."

पन्नास वर्षं झाडं पाडताना तो असंच म्हणत आला होता आणि झाडंही बापडी त्याचा शब्द मोडत नसत. मागच्या महिन्यात मात्र एक झाड खुंटी सोडून दोन हात पलीकडे, शेजारच्या गाडीवर आडवं झालं. त्यानं वाऱ्याला दोष दिला. वारा बिचारा काय बोलणार?

आजचं झाड चांगलंच उंच होतं आणि एका अंगाला खेटून एका बाईंचं घर. बाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. "घराला काही होणार नाही ना?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"धक्का लागणार नाही," म्हातारा म्हणाला.

त्याच्याच हाताखाली तयार झालेली त्याची मुलगी पुढे आली. तिनं स्वतःची खुंटी काढली आणि घरापासून आणखी दोन पावलं लांब ठोकली.

"हे काय?"

"बाबा, घराकडची ती फांदी जड आहे. तुमच्या खुंटीवर नेम धरला तर ती झाडाला घराकडे ओढेल."

"मी पाहिली नाही असं वाटतं तुला? तीन फेऱ्या घातल्यात झाडाला!"

तीन फेऱ्या घातल्याशिवाय खुंटीला हात लावायचा नाही, हा त्याचाच नेम. मुलगी नुसती खाली बघत राहिली. मग त्यानंही पाहिलं. झाडाभोवतीच्या ओल्या मातीत तिच्या बुटांचे ठसे तीनदा फिरले होते. त्याच्या चपलांची एकच फेरी, तीही अर्धी. घराच्या बाजूला तो गेलाच नव्हता.

तिन्ही फेऱ्या त्याला लख्ख आठवत होत्या. तिसऱ्या फेरीत पायात आलेलं मूळसुद्धा. ते मूळ कुठल्या झाडाचं होतं, कोण जाणे.

"होतं असं कधी कधी, बाबा."

"होतं नाही. झालंय."

त्यानं वाकून आपली खुंटी उपटली, खिशात घातली आणि करवत तिच्यापुढे धरली. "ज्याची खुंटी त्याची करवत. मीच शिकवलंय ना तुला? धर."

मुलीनं करवत घेतली. पण एवढ्यावर थांबेल तो म्हातारा कसला! त्यानं बाईंना हाताला धरून रस्त्यापलीकडे नेऊन उभं केलं, परत आला, त्यांची खुर्ची घराच्या भिंतीला टेकवली आणि त्या फांदीच्या समोरच ऐसपैस बसला.

"बाबा, उठा तिथून! वेड लागलंय का तुम्हाला?"

"माझ्या डोक्याचा भरवसा राहिला नाही, पोरी. तुझ्या डोक्याचा आहे. चालव."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. वर फांदीकडे पाहिलं. मग करवत खाली ठेवली आणि झाडाला चौथी फेरी घालायला निघाली.