प्रोपेलरवरचा हात

“स्विच बंद?” प्रोपेलरच्या पात्याला हात लावत हॅलोरन सरांनी विचारलं. “बंद!” नोरीन कॉकपिटमधून ठणकावून ओरडली. “वा, पायलटबाई!” खालून कुणीतरी खिजवलं. विमानदुरुस्ती शिकवणाऱ्या कॉलेजातलं ऐंशी वर्षांचं विमानाचं इंजिन आज पहिल्यांदा ती सुरू करणार होती. खालच्या सिलिंडरांत साचलेलं तेल निघावं म्हणून सर पातं हाताने फिरवू लागले. तेव्हा कुठे नोरीनने इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या त्या स्विचकडे पाहिलं. तो चालूच होता! ठिणगी पडली तर पातं उसळून सरांचा हातच तोडेल. “सर, मागे व्हा! चालू आहे! मी न बघताच बंद म्हटलं!” सरांनी मागे उडी मारली. “दुसऱ्या कुणाला बसवा,” ती रडकुंडीला आली. “रडतेस काय? बघून बंद कर,” सर म्हणाले. खटका वाजला. सरांनी घामेजलेला तळवा पँटला पुसून पुन्हा पात्यावर ठेवला.