चेंडूबंदी

“चेंडू खाली ठेवा! आधी खाली ठेवा म्हणते ना!”

बायकोचा आवाज स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुटला आणि ड्रायव्हरसाहेबांचा हात हवेतच अडकला. अंगणात भिंगरी, अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेने मोठी होईपर्यंत सांभाळायला दिलेली सात महिन्यांची सोनेरी रिट्रीव्हर, झेप घ्यायला दबा धरून बसली होती. शेपटीने माती उडत होती.

“एकदाच गं.”

“एकदाच नाही नि अर्धदाच नाही! अंध माणसाला रस्ता दाखवायचाय तिला. चेंडूची चटक लागली तर भर रस्त्यात त्याला फरफटत नेईल. मग संस्था करेल तिला नापास, आणि ही ब्याद जन्मभर आपल्या गळ्यात!”

ड्रायव्हरसाहेबांनी चेंडू दारामागच्या फळीवर आदळला. उभा जन्म बस चालवलेला माणूस. पण घरात बायकोने डावीकडे म्हटलं की उजवीकडे वळायचं, हा त्यांचा बाणा. तिने मीठ कमी करा म्हटलं की ते बरणीच ताटाशेजारी घेऊन बसत.

संतापून त्यांनी तो चेंडू दोनदा कचऱ्यात टाकला. दोन्ही वेळा तो परत फळीवर आला.

“चांगली वस्तू फेकता कशाला?” बायको फणकारली. “पण हात लावलात तर याद राखा. मी बहिणीकडे चाललेय. संध्याकाळपर्यंत येत नाही.”

दार धाडकन आपटलं. ड्रायव्हरसाहेबांनी लगेच चेंडू उचलला. भिंगरी ताठ झाली. नापास झाली तर ही इथेच राहील, हे त्यांनाही ठाऊक होतं.

आणि एकदम आठवली एका अंध माणसाची ती पांढरी काठी. ऐन चौकात त्यांच्या बससमोर आलेली. ब्रेक लागला तेव्हा काठी आणि बस यांच्यात वीतभर अंतर होतं.

स्वतःलाच एक शिवी हासडून त्यांनी चेंडू फळीवर ठेवला.

मग रोज भिंगरीला दमवायला ते जिन्यावरून चढउतार करू लागले, कपाटामागे लपू लागले, टॉवेलच्या घड्यांत तिचा खाऊ दडवू लागले. धापा टाकत, गुडघ्यांना शिव्या घालत. बायकोला मात्र ताकास तूर लागू दिली नाही. तिचं ऐकलं हे कबूल करायचं म्हणजे नाकच कापून घ्यायचं!

भिंगरी मोठी झाली आणि परीक्षेचा दिवस उजाडला. संस्थेच्या प्रशिक्षिकेने तिला पट्टा चढवून रस्त्यावर चालवलं आणि ऐन वेळी पायाशी चेंडू घरंगळत सोडला. भिंगरीचा कान हलला. ती नाकासमोर चालत राहिली.

“पास!” प्रशिक्षिका हसली. “अशी शिस्त क्वचितच बघायला मिळते.”

गाडी भिंगरीला घेऊन वळणाआड गेली. ड्रायव्हरसाहेबांनी घसा खाकरला.

“एकदाही टाकला नाही चेंडू. तू म्हणाली होतीस ना.”

बायको गर्रकन वळली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज संतापाने थरथरत होता.

“चाळीस वर्षांत माझं एक ऐकलं नाहीत! नेमकं हेच ऐकायचं होतं?”