कोरा सोडलेला बर्फ

आपल्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबांनी डेट्रॉइटच्या म्युझियमचा हट्ट धरला, म्हणून अनुजानं व्हीलचेअर तिथल्या त्यांच्या लाडक्या चित्रापाशी आणली. एका फ्रेंच शिल्पकारानं जलरंगात रंगवलेले डोंगर होते ते. ती सर्जन, बाबाही निवृत्त सर्जन. पण ऑपरेशनचा आग्रह तिचाच. “शिखरावरचा बर्फ कुठल्या रंगानं काढलाय?” बाबांनी विचारलं. “व्हाइट, ऑब्व्हियसली.” “नीट बघ. रंगच नाही, कोरा कागद सोडलाय. जन्मभर दगडावर छिन्नी चालवली, पण इथं हात आवरला त्यानं.” ती वाकून बघत राहिली. बाबांच्या स्कॅनमध्ये जागोजागी पसरलेले कॅन्सरचे पांढरे डाग तिनंही पाहिले होते, फक्त मान्य केले नव्हते. “बाबा, ऑपरेशन कॅन्सल करू?” बाबांनी मान डोलावली. तिनं हॉस्पिटलला फोन केला, मग शेजारच्या बाकावर बसून, नाडी न तपासता, त्यांचा हात नुसता धरून ठेवला.