चारशे नव्याण्णव

“पाचशे झाले की माणूस अमर झाला,” गस म्हणाला. हॉटडॉगवरची मोहरी त्याच्या हनुवटीवर ओघळली होती, पण ती पुसायला त्याला सवड नव्हती. “चारशे नव्याण्णव होमरनवर थांबला तर काय, ‘बरा खेळायचा हो’ म्हणतील आणि विसरून जातील.”

बेसबॉलच्या मोसमातला शेवटचा रविवार होता. कर्ट डनलेव्ही आज निवृत्त होत होता आणि आठव्या इनिंगमध्ये शेवटचा बॅटिंगला आला होता. अख्खं स्टेडियम उभं होतं. उजव्या कोपऱ्यातल्या पहिल्या रांगेत, भिंतीला अगदी लागून असलेल्या खुर्चीत बर्निस हलुश्का तेवढी बसून होती. डनलेव्हीचे होमरन, म्हणजे भिंतीवरून थेट प्रेक्षकांत पडणारे फटके, इथल्याच सीमेच्या खांबाजवळ येतात, हे तिला एमिलनं, तिच्या नवऱ्यानं सांगितलं होतं. एमिलला जाऊन दोन वर्षं झाली. आज तो चेंडू हाती लागला तर घरी न्यायचा आणि कुत्र्यापुढे टाकायचा, एवढाच तिचा बेत होता.

“पण त्या इंजेक्शनांचं काय?” बर्निसच्या शेजारी उभ्या असलेल्या गसला पलीकडून त्याच्या मेव्हण्यानं, व्हर्ननं विचारलं. “त्याच्याच कपाटात सापडली होती ना?”

“त्याची नव्हती रे बाबा! तो टीमचे कपडे धुणारा म्हातारा नव्हता का? त्यानं लिहून दिलं की माझी आहेत म्हणून.”

“आता धोब्याला कशाला हवीत असली इंजेक्शनं?”

“का? बादल्या उचलायला ताकद नको?”

दोघं खो-खो हसले. बर्निसच्या अंगाची लाही झाली. तेवीस वर्षं एमिलनं या टीमचे कपडे धुतले होते. नऊ वर्षांपूर्वी डनलेव्हीनं त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हटलं होतं, सही कर एमिल, गोष्ट इथंच मिटेल, तुझी नोकरी मी सांभाळतो. त्याच आठवड्यात नोकरी गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी! त्याआधी अकरा वर्षं हाच डनलेव्ही तिच्या हातचे अक्रोडाचे रोल बोटं चाटून खात होता. एमिल गेला तेव्हा मात्र त्याच्याकडून फूल ना फुलाची पाकळी.

तिनं एमिलचा जुना चामड्याचा ग्लव्ह हातात चढवला आणि भिंतीवर कोपरं टेकली.

“ओ मावशी, जरा मागं व्हा,” गस म्हणाला. “हात भिंतीपलीकडं मैदानात गेला आणि चेंडूला लागला, तर अंपायर होमरन कापतो. चारऐवजी दोनच बेस देतो. आज असलं काही केलंत तर हे लोक तुम्हाला जिवंत सोडायचे नाहीत.”

“बरं झालं सांगितलंत,” बर्निस म्हणाली.

नियम तिला ठाऊक नव्हता असं नाही. तो आपल्या कामाचा आहे, हे मात्र तिच्या आत्ता ध्यानात आलं.

तिसऱ्या चेंडूवर फटका बसला. चेंडू उंच चढला, तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्यानं थोडा अडखळला आणि नेमका खांबाच्या दिशेनं खाली येऊ लागला. भिंतीच्या काठावर आपटून तो अलीकडे पडेल की पलीकडे, हे त्या देवालाच ठाऊक. बर्निस त्या दिवशी पहिल्यांदा उठली. कमरेत वाकून तिनं हात पुरता मैदानात घातला. चेंडू ग्लव्हवर आदळला आणि खाली गवतात पडला.

अंपायरांनी चार मिनिटं तो फटका पुन्हा पुन्हा पाहिला. मोठ्या पडद्यावर तिचा हात दिसत होता, मग घराएवढा तिचा चेहरा दिसला. शेवटी मुख्य अंपायरनं दोन बोटं वर केली. दोन बेस.

दुसऱ्या बेसवर कमरेवर हात ठेवून उभा असलेला डनलेव्ही पडद्याकडे बघत होता. नीट दिसावं म्हणून बर्निसनं टोपी काढली. त्याचे हात कमरेवरून खाली आले. ओळखलं त्यानं! नऊ वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. पुढचा बॅटर बाद झाला, इनिंग संपली, आणि चारशे नव्याण्णववर डनलेव्हीचा खेळही संपला.

तोवर तिच्या डोक्यावर बिअरचे तीन पेले रिकामे झाले होते. गस तर रडकुंडीला येऊन ओरडत होता, “मी सांगितलं होतं हो तिला! मीच सांगितलं होतं!”

स्टेडियमच्या पोटातल्या खोलीत टक्कल पडलेल्या सुरक्षारक्षकानं तिला टॉवेल दिला आणि कागद पुढे घेतला. माणूस भला होता.

“मावशी, गर्दीत तुमचा तोल गेला असं लिहितो. खाली सही करा. गोष्ट इथंच मिटेल.”

बर्निसनं टॉवेल बाजूला ठेवला. मग म्हणाली, “नाही. मुद्दाम हात घातला असं लिहा. बर्निस हलुश्का. एमिल हलुश्काची बायको.”

त्याचं पेन थांबलं. बाहेर हजारो लोक अजून हुर्यो करत होते.

“एमिलची?” तो हळूच म्हणाला. “अहो, पण असं लिहिलं तर उद्यापासून अख्खं शहर शिव्या घालेल.”

“नऊ वर्षं घालतंच आहे, चुकीच्या माणसाला,” बर्निसनं त्याच्या हातातलं पेन घेतलं. “आता निदान बरोबर पत्त्यावर येतील.”