सिंधुबाईंचं मौन

सिंधुबाईंनी पाटी पुसली आणि पुन्हा तेच लिहिलं. ‘आधी एम.एस्सी. पुरं कर.’

“अगं, पण मेडिकलला नंबर लागलाय,” मोहिनी म्हणाली. “मंगळवारी दुपारपर्यंत धुळ्याला हजर झाले नाही तर जागा दुसऱ्याला देतील. आणि इथली तोंडी परीक्षा सोमवारी. डॉक्टर झाल्यावर कोण विचारणार आहे मला, प्राणिशास्त्रात काय दिवे लावलेस म्हणून?”

सिंधुबाईंनी खडूनं त्या ओळीखाली रेघ ओढली. पाटी देव्हाऱ्याशेजारी ठेवली आणि त्या तुळशीला पाणी घालायला गेल्या.

मौनाला दोन महिने होऊन गेले होते. मे महिन्यात मोहिनी सीईटीच्या अभ्यासासाठी इंदिरानगरला आत्याकडे राहिली होती. परत आली तेव्हा आई पाटी मांडीवर घेऊनच बसलेली. ‘तुझं पुरं होईपर्यंत बोलणार नाही. संकल्प केलाय.’

पंचवटीत याचं कुणाला नवल वाटलं नाही. सिंधुबाईंचे सोमवार, चतुर्थ्या, एकादश्या साऱ्या गल्लीला पाठ होत्या. नवरा गेल्यापासून त्यात भरच पडत गेली होती. आता मौन, आणि जेवणही अळणी, पातळ. ताकातल्या कण्या नाहीतर पेज. रोज सकाळी नऊला शेजारच्या वत्सलाबाईंना घेऊन त्या देवदर्शनाला निघत, अकराच्या सुमाराला परतत आणि थकून आडव्या होत. शनिवार-रविवारी मात्र जात नसत. त्या दिवशी फार गर्दी असते, असं वत्सलाबाई सांगत.

मोहिनीचा या मौनावर विश्वास नव्हता.

“व्रतबीत काही नाही, मावशी. अबोला आहे हा,” दोरीवर कपडे टाकता टाकता ती वत्सलाबाईंना म्हणाली. “निफाडच्या स्थळाला नाही म्हटलं, ते लागलंय तिला. मला तेविसावं सरत आलं. त्यात आणखी साडेपाच वर्षं शिकणार म्हटल्यावर तिचा जीव खालीवर होतोय.”

“त्या निफाडवाल्याचं लग्नही झालं. तू कशाला त्याच्या नावानं झुरतेस?”

“झुरतेय कोण? तुमच्याशी तरी बोलते का ती?”

वत्सलाबाईंनी हातातला पंचा दोनदा झटकला. झटकलेलाच पुन्हा झटकला. “माझं एकटीचं तोंड दोघींना पुरतं,” त्या म्हणाल्या.

मोहिनी हसली, पण आईचा अबोला तिला लागला होता. बारावीला असताना वडील सहा महिने अंथरुणावर होते. पुस्तकं मिटून ती त्यांच्या उशाशी बसून राहिली. वडीलही गेले आणि दोन गुणांनी मेडिकलही गेलं. तेव्हा सिंधुबाईंनी तिला एका शब्दानं बोल लावला नव्हता. “तिला मी उशापासून उठवायला हवं होतं,” एवढंच त्या आल्यागेल्याला सांगत. त्यानंतर पोरगी बी.एस्सी. झाली, एम.एस्सी.ला बसली आणि दुसऱ्या वर्षाला असतानाच पुन्हा मेडिकलच्या मागे लागली. अभ्यास करताना आई पाठीशी बसून वाती वळायची, रात्री चहा करून द्यायची. आणि आता नंबर लागला, तर तीच गप्प.

सोमवारी गंगापूर रोडवरच्या कॉलेजात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला पाऊण तास पिडलं. शेवटी वही मिटत म्हणाले, “जा, डॉक्टरीणबाई. बेडकांना विसरू नका.”

मोहिनी जवळजवळ धावतच घरी आली. सिंधुबाईंनी देवापुढची साखर तिच्या हातावर ठेवली, पाठीवरून हात फिरवला. मोहिनी वाट पाहत उभी राहिली.

सिंधुबाईंनी पाटी ओढली. ‘उद्या धुळ्याला पोहोच. मग सोडीन.’

“संकल्प लांबवता येतो वाटतं,” मोहिनी म्हणाली. जेवताना तिनं मान वर केली नाही.

मंगळवारी सकाळी सहाला रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी होती. बॅग दारात, वत्सलाबाई दारात. सिंधुबाईंनी मुलीच्या तळहातावर दही घातलं. मोहिनीनं ते खाल्लं, वाकून नमस्कार केला आणि उंबऱ्याच्या आतच थांबली.

“एम.एस्सी. झालं माझं. तुझंही व्रत झालं. आता एक शब्द बोल,” ती म्हणाली. “माझा राग आला असेल तर शिवी दे. पण पाटी वाचून मी घराबाहेर पडणार नाही.”

सिंधुबाईंचा हात पाटीकडे गेला. मोहिनीनं पाटी आधीच उचलून पाठीमागे धरली.

“मोहिनी, गाडी चुकेल,” वत्सलाबाई म्हणाल्या. “हट्ट करू नकोस, बाई.”

“चुकू दे. जागा गेली तर जाऊ दे. आईचा निरोप घेतल्याशिवाय डॉक्टर होऊन काय करू?”

ती खरंच बॅगेवर बसली. रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. सिंधुबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग देवाकडे. वत्सलाबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. सिंधुबाईंनी ते हळूच सोडवून घेतलं.

“ये,” त्या म्हणाल्या.

असा आवाज मोहिनीनं त्या घरात कधीच ऐकला नव्हता. त्यात अक्षर थोडं होतं, वाराच जास्त. तेवढ्यासाठी आईच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, कपाळावर घाम आला होता.

मोहिनी उठून उभी राहिली. तिनं आईकडे पाहिलं, मग वत्सलाबाईंकडे.

“आम्ही देवळात जात नव्हतो गं,” वत्सलाबाई म्हणाल्या. “कॅन्सरच्या दवाखान्यात जात होतो. गळ्याला किरणांचा शेक घ्यायला.”