पळून आलेला माणूस

परदेशातल्या बंदरावर बॉम्बहल्ले झाले, त्यातून कंपनीचा इंजिनिअर जयवंत तोडणकर सुखरूप घरी परतला. सुरक्षा विभागाची सुनेत्रा दाबके त्याला भेटायला पुण्याहून रत्नागिरीला आली.

त्याच्या बायकोने चहा दिला आणि हात जोडले. "तुमच्यामुळे हे परत आले, मॅडम. पण धड जेवत नाहीत. तुम्हीच समजवा."

जयवंत मान खाली घालून बसला होता. "गोदामाची भिंत पडली, तिच्याखाली माझ्यासोबत काम करणारा युसुफ अडकला. माझा हात घट्ट धरून म्हणाला, सोडू नकोस. आणि मी हात सोडवून पळालो. मला थांबायचं होतं, पण पाय थांबेचनात. मी इतका भेकड असेन असं वाटलं नव्हतं."

सुनेत्राने चहाचा कप खाली ठेवला. कर्मचाऱ्यांच्या मणक्यात बसवलेली चिप फक्त ठावठिकाणा कळवते, असं त्यांना सांगितलेलं होतं. संकटात त्याच चिपमधून त्यांचं शरीर पुण्यात बसून चालवता येतं, हे सुरक्षा विभागाबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढचा बॉम्ब येताना पडद्यावर दिसला, तेव्हा जयवंतला तिनेच तिथून पळवलं होतं.

आज खरं सांगून टाकायचं ठरवूनच ती आली होती.

"जयवंत," तिने सुरुवात केली आणि नोकरी, कोर्टकचेरी सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. "अशा वेळी कुणीही पळालं असतं."

त्याचे डोळे भरून आले. "मोठ्या मनाच्या आहात, मॅडम."

तिला त्याच्याकडे बघवेना.