भिंतीपलीकडचं हसू

सन बत्तीसच्या हिवाळ्यात लीलाधर आणि त्याची नवी बायको कुंदा जळगावहून धुळ्याला फिरायला आले. मुक्कामाच्या दोन खाणावळी कुंदाने नापसंत केल्या. एकीत ढेकूण होते, दुसरीत मालकच घोरत पडला होता. तिसरी झुंबरअक्कांची. उजेडाची खोली, सकाळी गरम कळण्याची भाकरी.

"हीच घेऊ या," कुंदा म्हणाली.

लीलाधरने मालकाच्या घोरण्याची नक्कल केली. कुंदा खदखदून हसली. भिंतीपलीकडेही कुणी बाई हसली.

"अक्का, शेजारी कोण उतरलंय?"

"तठे खोली नई शे, पोरी. बठ्ठं वावर शे." कुंदाने खिडकीतून डोकावलं. भिंतीपलीकडे खरंच नुसतं शेत होतं.

लीलाधरला गंमत वाटली. पुन्हा नक्कल करायला त्याने तोंड उघडलं, तोच पलीकडे हसू फुटलं. हुबेहूब कुंदाचं. कुंदा त्यानंतर, नक्कल झाल्यावर हसली, अगदी तशीच.

ती हसतच होती, तेव्हा पलीकडे तिच्याच आवाजात कुणी रडू लागलं, "अहो, उठा ना!"